गाडी रिकामी फिरवायची नाही

१

झिपरीच्या नवऱ्याला दार लावायला वेळ लागायला लागला, तिथून हे सगळं सुरू झालं.

तसं बघायला गेलं तर काहीच नव्हतं. संध्याकाळी ती पार्लरमधून सुटायची, तो म्युझियममधून सुटायचा, कोपऱ्यावर भेटायचे, भाजीबिजी घ्यायची आणि गप्पा मारत जिने चढायचे. कुलूप तो काढायचा. दार ढकलून बाजूला उभा राहायचा, ती आत जायची. इथवर मस्तच. लग्नाला वर्ष होत आलं तरी नवरा बायकोसाठी दार धरतो, ही काय लपवायची गोष्ट आहे? पार्लरमधल्या पोरींना तिनं ती तिखटमीठ लावून ऐकवलीही होती.

पण हल्ली ती आत गेल्यावरही तो दार धरूनच उभा असायचा. चपला काढून झाल्या, पिशवी ओट्यावर आपटून झाली, मागे वळून बघावं तर हा आपला अजून बाहेरच. एक हात दारावर, मान खाली. मग नजर उंबऱ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची, कुणाचे कपडे फटीत अडकत नाहीत ना असं बघावं तशी. आणि मग दार इतक्या हळू लावायचा की कडीचासुद्धा आवाज नको.

"अजून कोण येणार आहे का?" एकदा तिनं विचारलं.

"कुठे काय?"

"मग दार कोणासाठी धरलंस?"

"सवय गं झिपरे. दिवसभर तेच करतो ना."

झिपरे म्हणजे तिच्या केसांमुळे. दिवसभर दुसऱ्यांचे केस सरळ करून देणारी ही बाई, आणि हिच्या स्वतःच्या डोक्यावर कायम वादळ. हे नाव त्यानंच ठेवलेलं, भेटल्या दिवशीच. आता सासूसासरेही तेच म्हणायचे, पण त्याच्या तोंडून ऐकलं की तिला अजून गुदगुल्या व्हायच्या.

त्या दिवशी मात्र नाही झाल्या. दिवसभर तेच करतो? जिथे गाड्या दोरीच्या पलीकडे उभ्या असतात आणि कुणाला हातही लावू देत नाहीत, तिथे हा दिवसभर दार उघडतो कोणासाठी?

२

नवरा ड्रायव्हर होता खरा, पण उभ्या गाड्यांचा. कुणा हौशी श्रीमंतानं बंद पडलेल्या कारखान्याची शेड घेऊन तिथे जुन्या काळच्या आलिशान गाड्यांचं म्युझियम थाटलं होतं. एकेका गाडीचं बॉनेट झिपरीच्या अख्ख्या स्वयंपाकघराएवढं. तिचे वडील म्हणायचे, "जावई जगातल्या महागातल्या महाग गाड्या चालवतो. फक्त कुठे पोचत नाही."

आधी तो घरी येऊन भरभरून बोलायचा. आज कुठल्या गाडीनं नखरे केले, कुठल्या पोरानं दोरीखालून घुसून स्टेअरिंगला लटकायला बघितलं. ती हसून हसून आडवी व्हायची. आता तो जेवताना गप्प असायचा. नुसता गप्प नाही, मान जराशी डावीकडे कललेली, जसं कोणी कानाशी हळूच काही सांगतंय. आणि मधेच हसायचा. ओठातल्या ओठात, गालाला बारीकशी खळी पडेल इतकंच.

ते हसू झिपरीच्या ओळखीचं होतं. लग्नाआधी फोनवर बोलताना तो असा हसायचा, तिला न बघताही कळायचं. म्हणजे ते हसू तिचं होतं. आणि आता ते तिच्यासमोर, तिच्याच ताटावर बसून, दुसऱ्याच कुणासाठी खर्ची पडत होतं.

त्यात ते हातमोजे. पांढरेशुभ्र. रात्री स्वतः धुणार, सकाळी स्वतः इस्त्री करणार. ज्या माणसानं आयुष्यात स्वतःच्या शर्टाला इस्त्री लावली नाही, तो मोज्यांच्या एकेका बोटावरून इस्त्री फिरवतोय!

तिनं पार्लरवालीला सांगितलं. पार्लरवाली म्हणजे अनुभवाची खाण. हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, "हसतो, नटतो, घरी बोलत नाही. बाई आहे."

"तिथे कोण बाई? तिकीट देणाऱ्या काकू तेवढ्या आहेत."

"मग दुसरी असेल. तू जाऊन बघ की. सोमवारी सुट्टी असते ना आपल्याला?"

झिपरीनं मान हलवली. पोटात कुणीतरी निखारा ठेवल्यासारखं झालं होतं. ती कल्पना करायला लागली की थांबायचीच नाही. ती बाई उंच असणार. केस सरळ असणार. पाण्यासारखे, खांद्यावरून ओघळणारे.

३

एकटीनं जायचा धीर होईना, म्हणून तिनं नणंदेला बरोबर घेतलं. नणंद कॉलेजात होती, आणि कुठल्याही भानगडीत सगळ्यात आधी उडी मारण्यासाठी प्रसिद्ध होती.

"वहिनी, दादा आणि लफडं?" ती वाटभर हसत होती. "त्याला साधं वाढदिवसाचं सरप्राइज लपवता येत नाही गं."

"म्हणून तर कळलं मला."

म्युझियम उघडायला वेळ होता, पण तिकिटाच्या खिडकीतल्या काकूंनी ओळखलं आणि घरचीच माणसं म्हणून आत घेतलं. हॉल केवढा तरी मोठा. चकचकीत फरशीवर गाड्यांची उलटी चित्रं पडलेली. मेण, जुनं कातडं आणि पेट्रोल यांचा मिसळलेला वास. प्रत्येक गाडीखाली तेल ठिबकू नये म्हणून पत्र्याचा ट्रे, आणि कुठूनतरी अधूनमधून टप्प, टप्प आवाज. नणंद प्रत्येक गाडीसमोर उभी राहून "आई गं" म्हणत होती. झिपरीला एकही गाडी दिसत नव्हती. ती माणसं शोधत होती.

"या खिडकीत उभ्या राहा," काकू म्हणाल्या. "अंगणात चक्कर सुरू होईल आता. बघण्यासारखं असतं."

उभी गाडी खराब होते, म्हणून सकाळी गाड्यांना अंगणातून फिरवून आणायचं. आणि मालकांचा एक नियम होता, गाडी रिकामी फिरवायची नाही. मागे वजन नसलं की स्प्रिंगा आखडतात, गाद्यांचं कातडं तडकतं. म्हणून मागच्या सीटवर कुणीतरी बसलंच पाहिजे.

"मी बसते, वॉचमन बसतो, झाडूवाली बसते," काकू खुशीत सांगत होत्या. "तुमचे हे आम्हाला दार उघडून देतात, सलाम ठोकतात. रोज सकाळी पाच मिनिटं आम्ही राजघराण्यातले!"

नणंदेनं झिपरीला कोपर मारलं. "घे. ही तुझी सवत. काकू!"

झिपरीलाही हसू आलं. एवढंच होतं तर! छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. अंगणात नवऱ्यानं पहिली गाडी काढली, वॉचमनला बसवलं, एक चक्कर मारून आणली. मग दुसरी, तिच्यात झाडूवाली ऐटीत बसलेली, खिडकीतून हात हलवत. सगळे हसत होते.

मग शेडमधून ती मोठी गाडी आली. गडद लाल, जवळजवळ काळी. पुढे ड्रायव्हरची जागा उघडी, मागे बंद खोलीसारखा डबा, दोन्हींच्या मधे काच. मागच्या खिडक्यांना पडदे.

"हिच्यात कोण बसतं?" झिपरीनं विचारलं.

"हिच्यात आम्ही नाही बसत," काकू म्हणाल्या. "तुमचे हेच म्हणाले, गरज नाही."

"पण रिकामी फिरवायची नाही ना?"

"मीही तेच म्हटलं होतं," काकू म्हणाल्या, आणि तिकिटाच्या खिडकीशी कोणीतरी आलं म्हणून लगबगीनं निघून गेल्या.

अंगणात नवऱ्यानं मोजे नीट ओढले. गाडीला वळसा घालून आला, मागचं डावं दार उघडलं आणि मान खाली घालून उभा राहिला. समोर कुणी नव्हतं. तो उभाच. कुणी पायरीवर पाय ठेवावा, वाकून आत जावं, मागून कपड्यांचा घोळ आत ओढून घ्यावा, एवढा वेळ. मग त्यानं दाराच्या खालच्या पट्टीवरून नजर फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि दार हळू लावलं.

गाडी मागच्या बाजूनं किंचित खाली बसली.

"बघितलंस?" झिपरी कुजबुजली.

"काय?"

"गाडी दबली."

"वहिनी, जुनी गाडी आहे. दबणारच." नणंदेनं फोटो काढला. "दादा एकदम सिनेमातल्यासारखा दिसतोय ना?"

तेही खरंच. इंजिन चालू होतं, हादरा बसला असेल. झिपरीनं स्वतःला समजावलं. पण गाडी खिडकीखालून गेली तेव्हा तिला नवऱ्याचा चेहरा दिसला. त्याच्या डाव्या कानाशी पितळेचं एक छोटं कर्ण्यासारखं तोंड होतं, तिथून एक नळी मागच्या डब्यात गेलेली. मागे बसणारानं बोलायचं, पुढच्यानं ऐकायचं, जुन्या लोकांची पद्धत. त्याची मान त्या नळीकडे कललेली होती.

आणि तो हसत होता. गालाला खळी पडेपर्यंत.

४

"मलाही बसव ना त्या लाल गाडीत," त्या रात्री जेवताना ती म्हणाली. आवाज जमेल तितका गोड ठेवून.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "दुसऱ्या कुठल्याही गाडीत बस की. पांढरी आहे, छप्पर उघडणारी. फोटोही छान येतील."

"मला लालच."

"तिची चक्कर लहान असते गं. मजा नाही येत."

"मला मजा नकोय. मला तिथे बसायचंय. तू माझ्यासाठी दार उघडायचं, मोजे घालून, तसंच मान खाली घालून."

त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला. मग अगदी सहज, मीठ सरकव म्हणावं तसं म्हणाला, "तिथे जागा नसते."

दोघांनाही ते एकदमच ऐकू आल्यासारखं झालं. तो गोंधळला. "म्हणजे... मला म्हणायचं होतं, परवानगी नसते."

झिपरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भीती वाटायला हवी होती, हे तिला नंतर कळलं. पण त्या क्षणी वाटला तो फक्त राग. चार माणसं ऐसपैस बसतील एवढी ती सीट. आणि तिथे बायकोला जागा नाही?

"कशी दिसते ती?" तिनं विचारलं.

"कोण?"

"तुला माहीत आहे कोण."

तो उठला, ताट घेऊन मोरीकडे गेला. नळ सोडला. पाण्याच्या आवाजात त्याचा आवाज जेमतेम ऐकू आला. "मी कधी बघितलं नाही. मान वर करायची नसते."

झिपरी बसल्या जागी थंडगार पडली. मग थोड्या वेळानं परत तापली. बघितलंसुद्धा नाही, आणि तरी हे हाल! म्हणजे नुसत्या आवाजावर! नुसत्या आवाजावर माणूस एवढा विरघळतो, आणि ही इथे त्याच्यासमोर हाडामांसाची बसलेली, केसांसकट.

५

पुढच्या सोमवारी दोघी परत गेल्या. नणंदेला तिनं एवढंच सांगितलं की दादाची फिरकी घ्यायचीय. मी गाडीत लपून बसते, तू त्याला शेडच्या दाराशी बोलण्यात गुंतव, चक्कर संपली की मी मागून "भ्भॉ" करते.

"पार्लर बंद असलं की तुझं डोकंही बंद असतं का गं?" नणंद म्हणाली. पण डोळे चमकले होते. ती लगेच दादाकडे पळाली आणि सगळ्या गाड्यांची नावं विचारायला लागली.

झिपरीनं लाल गाडीचं उजवं दार उघडलं. आवाज झाला नाही. आत चढली, दार ओढून घेतलं.

बाहेरचा सगळा गोंगाट कापसात गुंडाळल्यासारखा झाला. आत अंधार नव्हता, पडद्यांतून तांबूस उजेड येत होता. खोलीच होती ती. भिंतींना मऊ कापड, कोपऱ्यात फूल ठेवायला काचेची बारकीशी नळकांडी, पायाखाली जाड गालिचा. समोर काच, तिच्यापलीकडे ड्रायव्हरची रिकामी जागा. आणि डाव्या बाजूला आकड्याला अडकवलेली ती बोलायची नळी, तोंडाशी हस्तिदंताचं टोपण.

सीटची उजवी बाजू कडक होती, कुणी कधी न बसल्यासारखी. डावी बाजू खोलगट. कातड्याला सुरकुत्या पडलेल्या, मधे एक गुळगुळीत खड्डा. झिपरीनं त्यावर हात ठेवला. गार होता. बरं वाटलं तिला. मग आपल्याला बरं वाटलं याचाच राग आला. जुनी सीट आहे, बसून बसून दबली असणार, इतकी वर्षं किती माणसं बसली असतील. एवढं साधं आहे हे.

ती उजव्या कोपऱ्यात, पडद्याला चिकटून बसली. दार उघडेल, बाई आत येईल आणि झिपरी तिचा हात पकडेल. असा बेत होता. आणि बाई आलीच नाही तर? तर नवऱ्याला डॉक्टरकडे न्यायचं. म्हणजे दोन्हीकडून सुटका. तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

पावलं वाजली. डावं दार उघडलं.

नवरा दारात उभा होता. पॉलिश केलेले बूट, पांढरा मोजा, मान खाली. दोन हातांवर होता तो तिच्यापासून, पण त्यानं आत बघितलंच नाही. त्याच्या मागे अंगण, अंगणात ऊन, उन्हात कुणी नाही.

झिपरी वाट बघत राहिली. तोही.

मग गाडी डावीकडे कलली. खड्डा हळूहळू अजून खोल झाला, कातडं करकरलं. आणि पाठोपाठ कापडाचा आवाज. खूप कापड, जड, रेशमी, घडीवर घडी आत ओढली जात असल्यासारखा. शेवटची घडी आत आली तशी नवऱ्यानं दाराची पट्टी बघितली आणि दार लावलं.

झिपरी पडद्याला आणखी चिकटली.

६

गाडी चालू झाली. समोर काचेपलीकडे नवऱ्याची पाठ, मान, कान.

स्प्रिंगा आहेत, ती मनाशी म्हणाली. उतार असेल. दार उघडलं की वारा येतो, वाऱ्यानं पडदे सळसळतात.

नळी आकड्यावरून निघाली. हवेतच वाकली आणि खड्ड्याच्या वर, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर थांबली. टोपण उघडलं. हस्तिदंतावर वाफ धरली, विरली, पुन्हा धरली.

आणि आवाज आला. भुताबिताचा नव्हे. एका बाईचा, दुखावलेला, हळू, लाडिक आवाज.

"काल परत तुझ्याकडे पाठ करून झोपली ती," आवाज म्हणाला. "मी उशाशीच होते, बघितलं. तिच्या हातांना त्या केसांच्या औषधाचा घाणेरडा वास मारतो, तरी तू सहन करतोस, बोलत नाहीस. किती चांगला आहेस तू. आणि तुझ्या विनोदावर हसली का ती? नाही हसली. मी हसले."

पुढे त्याची मान कलली. खळी पडली.

"तिच्या आधी मीच होते," आवाज म्हणाला.

आता इथे कुणीही किंचाळलं असतं. दार उघडून चालत्या गाडीतून उडी मारली असती. झिपरीच्याही मनात ते आलंच. पण त्या आधी दुसरं काही तरी आलं. आपल्याच नवऱ्याकडे आपलीच चुगली! उशाशी बसून! तिच्या घरात, तिच्या अंथरुणाशी! भीतीच्या वर रागाचा असा लोट आला की तिनं हात पुढे केला आणि नळी हिसकावून घेतली. हस्तिदंत ओलं आणि उबदार होतं. तिनं ते तसंच तोंडाशी धरलं.

"अरे, मी बोलतेय!" ती ओरडली. "मी! झिपरी! मागे बघ!"

त्यानं मागे बघितलं नाही. पण हसला. मोठ्यानं, खांदे हलतील असा, लग्नाआधीसारखा.

तिच्या काळजात लख्ख झालं. माझ्या बोलण्यावर हसला तो! इतक्या महिन्यांनी, माझ्या! तिला शुद्धच राहिली नाही. ती बोलत सुटली. पार्लरमधल्या गंमती, नणंदेची टिंगल, तू किती दिवस बोलला नाहीस, मला किती एकटं वाटतं, तुझ्याशिवाय मला कुणी नाही. तो ऐकत होता. मान कललेली, कान नळीला टेकलेला, चेहऱ्यावर अशी माया की ती कधी बघितलीच नव्हती तिनं. अंगणाचं एक वळण गेलं, दुसरं गेलं. शेजारी काय आहे, ते ती विसरूनही गेली होती.

शेजारी मात्र काहीतरी तिच्याकडे वळलं. नुसतं वजन वळावं तसं. आणि शांतपणे ऐकत राहिलं.

गाडी शेडच्या सावलीतून गेली तशी समोरची काच आरसा झाली. काचेत मागची सीट दिसली. सीटवर दोघी होत्या.

डावीकडच्या बाईच्या डोक्यावर केसांचं वादळ होतं.

झिपरीचा हात स्वतःच्या डोक्याकडे गेला. बोटांना लागले ते केस सरळ होते. गार, घट्ट विंचरलेले, मानेवर अंबाडा बांधलेले.

७

गाडी थांबली. पावलं. डावं दार उघडलं.

तो तसाच उभा, मान खाली. झिपरीला एकच कळलं. हा एका माणसापुरतंच दार धरतो. एक उतरेल एवढा वेळ, मग लावतो.

तिनं विचार केला नाही. शेजारच्या त्या उबदार वजनावरून स्वतःला फेकलं, आडव्या आलेल्या गुडघ्यांना ढकललं आणि पायरीवरून थेट अंगणात उतरली. मागे दार लागलं. हळू, कडीचा आवाज न होता.

जिंकले, असं तिला वाटलं. उन्हात उभी राहून ती धापा टाकत होती. त्याच्या मोज्यातला हात तिच्या कोपराखाली आला, स्पर्श होणार नाही इतक्या अंतरावर. किती जपून. एवढं जपून त्यानं तिला कधीच धरलं नव्हतं.

नणंद पळत आली. "दादा! वहिनी कुठंय?"

"वहिनी? ती इथे कशाला?"

"अरे मागे लपलीय! तुझी फिरकी घ्यायला! तुला कळलंच नाही?"

"अगं, मी इथे आहे," झिपरी म्हणाली. "ही काय समोर."

नणंदेची नजर तिच्यावरून गाडीकडे गेली. मधे काही नसल्यासारखी. नवऱ्यानं मात्र मान किंचित डावीकडे कलवली आणि हसला. मग भानावर आला आणि पांढराफटक पडला.

"मागे? त्या गाडीत?"

आतून काचेवर टकटक झाली.

"आली बघ," नणंद हसली. "वहिनी, उघडत नाहीये का तुला? थांब हं."

"नको!" झिपरी किंचाळली. "उघडू नकोस! ती मी नाही!"

नणंदेनं दार उघडलं आणि धरून उभी राहिली.

आधी एक पाय बाहेर आला. झिपरीचीच चप्पल, अंगठ्याशी शिवलेली. मग हात, पार्लरच्या औषधानं बोटांची टोकं पिवळी पडलेली. मग केस. केवढे ते केस, उन्हात पिंजारलेले. ती बाई उतरली, डोळे किलकिले करून उजेडाची सवय करून घेत उभी राहिली, आणि खुदकन हसली.

"भ्भॉ," ती म्हणाली.

"कसली घाबरट आहेस गं, घामानं भिजलीस!" नणंद म्हणाली.

नवऱ्यानं मान वर केली. आज पहिल्यांदाच. आणि त्या बाईकडे असं बघितलं, जसं बरेच दिवस हरवलेलं काही सापडावं.

"झिपरे," तो म्हणाला. आवाज भरून आला होता त्याचा. "सांगून यायचं ना गं."

"अरे, बघ तरी नीट!" झिपरी त्याच्या कानाशी जाऊन ओरडत होती. "तिच्याकडे बघ! ती मी आहे का? मी इथे आहे!"

त्याची मान कलली. खळी पडली. बहीण ऐकणार नाही इतक्या हळू, जमिनीकडे बघत, तो अदबीनं म्हणाला, "उद्या. उद्या चक्करीत सांगा."

आणि त्यानं त्या बाईचा हात धरला. नुसता धरला नाही, मोजा काढून धरला. काकूंना आजची सुट्टी सांगून तिघं फाटकाकडे निघाली. ती बाई चालताना त्याच्या खांद्यावर डोकं घासत होती, नणंद टाळ्या देत होती, तो काहीतरी सांगत होता आणि ती बाई मान मागे टाकून हसत होती. प्रत्येक वाक्याला हसत होती.

फाटकाशी तो थांबला. त्या दोघींना पुढे जाऊ दिलं आणि फाटक धरून उभा राहिला, मान खाली. आपल्यासाठी, हे झिपरीला कळलं. ती अंगावरच्या जड रेशमाचा घोळ सावरत बाहेर पडली. त्यानं खालची पट्टी बघितली, फाटक लावलं आणि लांब लांब ढांगा टाकत बायकोला गाठलं.

झिपरी त्यांच्या मागून चालत राहिली. कोपऱ्यावर तिघं भाजी घ्यायला थांबली. ती बाई भाव करत होती, आणि नवरा तिच्या केसांत अडकलेलं काहीतरी काढत होता, इतकं हळू की झिपरीला बघवेना. पोटातला निखारा पुन्हा फुलला.

पिशवी त्याच्याच हातात दिली बघा हिनं. स्वतः मोकळी चालतेय. चहाला म्हणून थांबली नाही, त्याला विचारलंसुद्धा नाही दमलास का. आणि रात्री कशी झोपते ते बघायचंच आहे अजून.

सगळं नीट लक्षात ठेवायचं, तिनं ठरवलं. उद्या चक्कर सुरू झाली की त्याला एकेक सांगायचं होतं.